चारशे तीस चौरस फूट आणि दोनशे पानं

बर्नाबीत घर घ्यायचं ठरवलंय म्हटल्यावर पुण्याहून पहिला प्रश्न आला, "किती बीएचके?" आता काय सांगणार? एकच खोली, कोपऱ्यात ओटा, पलीकडे बाथरूम. पलंग भिंतीत दुमडून ठेवायचा. इथे याला स्टुडिओ म्हणतात. "तेवढ्या पैशात कोथरूडला थ्री बीएचके आला असता," हे वाक्य मग ओघाने आलंच.

येऊ दे बापडा! खाली उतरलं की मेट्रोटाऊनचं स्कायट्रेन स्टेशन आहे, गाडी पाळायचा खर्च नाही, एकट्या माणसाला आणखी काय लागतं? मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. किंमत बोलायच्या आधी एजंटने माझ्या हातात दोनशे पानांचं बाड ठेवलं.

इथल्या सोसायटीला स्ट्राटा म्हणतात. त्या बाडात स्ट्राटाच्या दोन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं होती (कोणाचा कुत्रा लिफ्टमध्ये काय करतो, इथपर्यंत!), हिशेब होते आणि एक 'डेप्रिसिएशन रिपोर्ट' होता. छप्पर किती वर्षं टिकेल, लिफ्ट कधी बदलावी लागेल, पाण्याच्या पाइपांना किती खर्च येईल, असा पुढच्या ३० वर्षांचा अंदाज त्यात असतो. मी इंजिनिअर असल्यामुळे असेल, पण कादंबरीसारखा वाचला.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. १९८० आणि ९०च्या दशकांत व्हँकुव्हर परिसरात बांधलेल्या असंख्य इमारतींच्या भिंतींत पाणी मुरलं आणि आतलं लाकूड कुजलं. दुरुस्तीचा बोजा फ्लॅटमालकांवर पडला, कित्येकांची जन्माची पुंजी त्यात गेली. १९९८ मध्ये माजी प्रीमियर डेव्ह बॅरेट यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. पूर्वी तीन चतुर्थांश मतांनी स्ट्राटाला हा रिपोर्ट टाळता येई. जुलै २०२४ पासून ती पळवाट बंद झाली, आणि आता दर पाच वर्षांनी तो करावाच लागतो.

आपल्याकडे काय आहे? सोसायटीच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंड आहे, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के. दुरुस्ती निधीही आहे. पण जुना फ्लॅट घेताना आपण बघतो काय, तर पार्किंग, वास्तू आणि सोसायटीची एनओसी. फंडात किती पैसे आहेत आणि टाकी कधी गळणार आहे, हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मेंटेनन्स कमी असला की उलट आनंद होतो! माझ्या मते तो धोक्याचा कंदील आहे. मी इथली एक स्वस्त जागा केवळ त्याच कारणासाठी सोडली. त्या इमारतीतल्या लोकांनी वर्षानुवर्षं हप्ता वाढू दिला नव्हता आणि छप्पर म्हातारं झालं होतं.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. रिपोर्ट असला म्हणून पैसे असतात असं नाही, आणि मोठ्या दुरुस्तीसाठी विशेष वर्गणी काढायची तर तीन चतुर्थांश मतं लागतात. खिशात हात घालायची वेळ आली की माणसं इथून तिथून सारखीच. पण निदान घेणाऱ्याला आधी कळतं. पुनर्विकासाला बिल्डर येईलच, या भरवशावर आपण किती इमारती सांभाळणार आहोत?

असो. ज्या जागेवर सही केली, तिथले पाइप आणखी सहा वर्षांनी बदलायचेत. निम्मे पैसे जमलेत. उरलेल्यातला माझा वाटा मी आत्ताच बाजूला काढायला लागलोय.