निजलेल्या पाहुण्यांना उठवू नका

दिवाळीची सुटी लागली की निफाड तालुक्यातल्या नांदूर-मध्यमेश्वर अभयारण्याकडे गाड्या धावू लागतात. डबे, चटया, पोरेबाळे आणि अलीकडे हातभर लांबीचे कॅमेरे. लोकांनी घराबाहेर पडावे, पाखरे पाहावीत, याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. विरोध आहे तो मनोऱ्यावर चढताच होणाऱ्या तक्रारीला, “हे काय, ही बदके तर नुसती बसली आहेत!” आणि तिच्यामागून येणाऱ्या टाळ्या-शिट्ट्यांना.

बसली आहेत, कारण ती निजली आहेत. पुष्कळ जातींची बदके रात्री चरतात आणि दिवसा चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोप काढतात. त्यातून हे दिवस आगमनाचे. सैबेरियातून, मध्य आशियातून निघालेले थवे याच सुमारास उतरू लागतात. त्यांच्या मागोमाग येणारा पट्टकादंब तर हिमालय ओलांडताना ७,००० मीटरांहून उंच उडाल्याची नोंद आहे. अंगावरची चरबी जाळीत ही मंडळी इथवर येतात. रात्रभर उभ्याने प्रवास करून आलेला पाहुणा ओसरीवर आडवा झाला आणि एखाद्या कार्ट्याने त्याच्या कानाशी थाळी बडवली, तर आजी त्याचा कान धरील. इथे थाळी बडवणारे वडीलधारेच असतात, मग कान कोणी धरावा?

हे सारे कशासाठी, तर उडालेला थवा छायाचित्रात देखणा दिसतो म्हणून. काही जलाशयांवर तर जास्तीचे पैसे देऊन थव्यात होडी घालायला लावतात; रोहित उडाला की पंखांतला लाल रंग खुलतो ना! त्या दोन मिनिटांच्या शोभेचे मोल पक्षी भरतो. विश्रांती मोडते, चरण्याचा वेळ जातो, साठवलेली शक्ती खर्ची पडते. आणि सकाळपासून आलेली ती काही एकच होडी नसते.

“मग आमच्या पोरांनी पाहायचे तरी काय?” असे कोणी विचारील. अहो, संस्कृत काव्यातल्या चक्रवाकाच्या विरहावर परीक्षेत गुण मिळवलेले आपण, तो नारिंगी पक्षी समोर आला की ‘बदक’ म्हणून मोकळे होतो! तो दाखवा. कपाळी पांढरा टिळा लावलेला काळा वारकरी दाखवा. चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत अन्न शोधणारा चमचा दाखवा. आणि ही जागाही दाखवा. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा झाला, त्यामागे गाळ साचला, बेटे झाली, पाणवनस्पती माजल्या. शेतीच्या पाण्याच्या हिशेबात तो गाळ म्हणजे तोटा. पक्ष्यांना मात्र पंगत मिळाली. १९८६ साली इथे अभयारण्य झाले आणि २०२० साली ही राज्यातली पहिली रामसर पाणथळ ठरली. एवढे सांगायला आईबापांना आधी थोडे वाचावे लागेल, ही अडचण आम्हाला मान्य आहे.

दुर्बीण घ्या, जवळ जाण्याचा हट्ट सोडा. थव्यातल्या माना एकाएकी उंचावल्या तर आपण फार पुढे आलो, असे समजून दोन पावले मागे या. आणि उडतानाच पाहायचे असतील, तर ऊन उतरेपर्यंत थांबा. तेव्हा पाण्यावर चुळबुळ सुरू होते, आणि बदके आपणहून उठून चरायला निघतात. तोवर टाळ्या वाजवणाऱ्यांच्या गाड्या मात्र नाशिकच्या वाटेला लागलेल्या असतात.