गुलाबी ट्यूब आणि कढीपत्ता



गेल्या आठवड्यात एका जुन्या दोस्ताचा फोन आला. आम्ही दोघं एकाच वर्षी भरती झालो, तो माझ्या दोन वर्षं आधी पेन्शनला गेला. आता पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी उत्तरेला, समोर दुसरी इमारत. गावाकडची शेती भावाकडे, त्यामुळे हात शिवशिवतात. म्हणाला, "घरात कुंड्या लावायच्यात. दुकानदार झाडांसाठीचा खास दिवा साडेचार हजाराला सांगतोय. तू लेहकडे ट्यूबखाली मेथी लावली होतीस ना? घेऊ का?"

मी म्हणालो, "घेऊ नकोस."

"का?"

"फोनवर नाही सांगता यायचं. लिहितो."

म्हणून हा लेख. दोस्तासाठी आहे, पण आपल्यातले बरेच जण निवृत्तीनंतर फ्लॅटमध्ये राहायला गेलेत, त्यांच्याही कामाचा आहे.

२०१४-१५ चा हिवाळा. मी तेव्हा नायब सुभेदार होतो. ठिकाणाचं नाव नेहमीप्रमाणे लिहीत नाही. लेह शहर साधारण साडेअकरा हजार फुटांवर आहे, आम्ही त्याहून थोडे वर होतो एवढं पुरे. जोजीला बंद झाला की रस्त्यानं येणारा माल थांबतो. मग बटाटा, कांदा, कोबी आणि डबाबंद भाजी. पोट भरतं, तक्रार नाही. पण जानेवारीपर्यंत माणसाला हिरवं काहीतरी बघावंसं वाटतं. लंगरमध्ये कुणी कोथिंबिरीचं नाव काढलं तरी सगळे दोन मिनिटं गप्प बसायचे.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे दोन दिवे लागले. एक बरोबर होता, एक चूक. चुकीचा माझा होता.

आधी बरोबर दिव्याची गोष्ट. आमच्यात बिहारचा एक सिग्नलमन होता, वय असेल तेवीस-चोवीस. लंगरशेजारच्या स्टोअरमध्ये भिंतीला चुना मारलेला होता आणि मागच्या बाजूला बुखारीची ऊब यायची. तिथं त्यानं छत्तीस वॅटच्या दोन साध्या ट्यूब शेजारी शेजारी टांगल्या. खाली पत्र्याच्या दोन ट्रेमध्ये मेथी आणि कोथिंबीर. ट्यूब दोरीला बांधलेल्या, म्हणजे रोप वाढेल तशी दोरी वर घेता येते. रोपाच्या शेंड्यापासून ट्यूब एक वीतभर, त्याहून जास्त नाही. सिग्नलच्या यंत्रांसाठी जनरेटर रात्रंदिवस चालायचाच. कंपनी कमांडर साहेबांनी एकच विचारलं, "कितने वॉट?" चोक धरून दोन्ही मिळून नव्वदच्या आसपास. सोळा तासांचे दीड युनिट. त्यांनी मान हलवली. पहाटे पाचला संतरी ट्यूब लावायचा, रात्री नऊला बंद करायचा. ड्यूटी बदलताना जसा चार्ज द्यायचा तसा मेथीचाही द्यायचा.

आता माझा दिवा. मी नोव्हेंबरमध्ये सुट्टीहून परत येत होतो. दिल्लीत मासे ठेवायच्या काचेच्या टाक्यांचं एक दुकान आहे, तिथं दोन फुटी, अठरा वॅटची गुलाबी ट्यूब दिसली. दुकानदार म्हणाला, खास झाडांसाठी. साध्या ट्यूबच्या पाचपट किंमत. मी घेतली, टॉवेलात गुंडाळली, चंदीगडच्या ट्रान्झिट कॅम्पमधून विमानानं वर नेली. एवढी जपून मी आयुष्यात दुसरी वस्तू नेली नसेल.

ती कुणासाठी, तेही सांगतो. आमचा एक हवालदार केरळमधल्या पालक्काडचा. ऑक्टोबरमध्ये सुट्टीहून येताना त्यानं आईच्या परसातल्या कढीपत्त्याचं मुळासकट निघालेलं वीतभर रोप आणलं होतं, कापलेल्या पाण्याच्या बाटलीत. चौदा वर्षांच्या नोकरीत त्यानं स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. या रोपासाठी मात्र त्यानं बॅरकमध्ये कोपरा मागितला. मी कोपरा दिला आणि वरून माझी गुलाबी ट्यूबही दिली.

भिंतीवर जुनी पट्टी होती, रोपापासून अडीच फूट वर. तिथंच ट्यूब बसवली. सिग्नलमन म्हणाला, "साब, थोड़ा नीचे कर दें?" मी म्हणालो, "अरे, ये पौधों का स्पेशल लाइट है." तो "जी साब" म्हणाला. विषय संपला. आपल्याकडे विषय असेच संपतात.

दीड महिना कढीपत्ता झकास दिसत होता. पानं गडद हिरवी, जणू आत्ताच पाऊस पडून गेलाय. कुणी पाहुणा आला की मी त्याला आधी तो कोपरा दाखवायचो. जानेवारीच्या शेवटी एका दुपारी सर्व्हिसिंगसाठी जनरेटर बंद केला. हवालदारानं कुंडी उचलून खिडकीत ठेवली. उन्हात पानं पिवळी निघाली. त्यानं बोट लावलं, तर तीन पानं गळून पडली. पंधरा दिवसांत रोप गेलं.

झालं काय होतं, ते मला नंतर कळलं. असल्या गुलाबी ट्यूबमध्ये लाल आणि निळा उजेड जास्त, हिरवा-पिवळा कमी. लाल-निळा उजेड झाडाला उपयोगी पडतो हे खरंच आहे, दुकानदार खोटं बोलला नव्हता. पण त्याच उजेडात हिरवं गडद दिसतं, लाल उठून दिसतं आणि पानांचा पिवळेपणा ओळखू येत नाही. माशांच्या टाकीत ती म्हणूनच शोभते. आजारी झाड तिच्याखाली तंदुरुस्त दिसतं. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी चुना मारलेले दगड आपण सगळ्यांनी पाहिलेत. माझी ट्यूब रोज तेच करत होती आणि मी रोज इन्स्पेक्शन पास करत होतो.

कढीपत्ता थंडीनंही गेला असता, हे मान्य. ते उष्ण प्रदेशाचं झाड. त्याला ऊब लागते, भरपूर ऊन लागतं. पण साधा पांढरा दिवा असता तर डिसेंबरातच पानं फिकी पडलेली दिसली असती आणि कुंडी स्टोअरमध्ये, बुखारीच्या उबेला आणि दोन मोठ्या ट्यूबखाली हलवता आली असती. वाचलं असतंच असं नाही. पण प्रयत्न झाला असता.

हवालदार मला एका शब्दानं बोलला नाही. कुंडी धुतली आणि उपडी घालून ठेवली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरातल्या झाडासाठी दिवा निवडताना खास नाव आणि खास रंग यांना पैसे देऊ नका. साधा पांढरा दिवा घ्या, ज्याच्याखाली झाडाची खरी तब्येत दिसते. उरलेलं लक्ष चार गोष्टींवर द्या.

पहिली, नंबर. ट्यूबवर ८६५, ८४०, ८३० असे तीन आकडे छापलेले असतात. पहिला ८ म्हणजे रंग बऱ्यापैकी खरे दिसतील. पुढचे दोन म्हणजे उजेडाची छटा: ६५ म्हणजे ६५०० केल्विन, दिवसासारखा पांढरा, ३० म्हणजे पिवळसर. मेथी, कोथिंबीर, पालक, पुदिना अशा पालेभाजीला ६५०० उत्तम, रोप बुटकं आणि घट्ट राहतं. ७६५ छापलेली जुन्या जातीची छत्तीस वॅटची ट्यूब साधारण २,४५० ल्युमेन देते, ८६५ ची साधारण ३,२५०. वीज तेवढीच. किमतीत थोडाच फरक असतो, तो द्यायला हरकत नाही.

दुसरी, अंतर. इथंच बहुतेकांचं चुकतं आणि माझंही चुकलं. दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या ऑफिसात तीनशे ते पाचशे. डोळा फसतो, झाड फसत नाही. ट्यूब फारशी तापत नाही, त्यामुळे ती पानांपासून चार ते सहा इंचांवर आणता येते, आणि तिचा मोठा गुण हाच आहे. अडीच फुटांवर टांगली तर उजेड भिंतींना मिळतो. ट्यूबच्या दोन्ही टोकांना उजेड कमी असतो, म्हणून जास्त भुकेलं रोप मधे ठेवा. मागे पांढरा रंग असू द्या.

तिसरी, तास. पालेभाजीला चौदा ते सोळा तास, मग अंधार. रात्रभर दिवा ठेवून दुप्पट पीक येत नाही. घरी संतरी नसतो, तेव्हा साधा टायमर लावा.

चौथी, थंडी. हे डोंगरात पोस्टिंग असलेल्यांसाठी. साधी ट्यूब पंचवीस अंशांच्या आसपास पूर्ण उजेड देते. बारीक टी-फाइव्ह ट्यूबला तर पस्तीस अंश लागतात. पाच अंशांवर उजेड निम्म्याच्या आसपास येऊ शकतो आणि स्टार्टर नुसता मिचमिचत राहतो. ट्यूब ऊब असलेल्या खोलीत लावा किंवा तिला पारदर्शक प्लास्टिकची नळी घाला, तिची ऊब तिच्यापाशी राहते. व्होल्टेज वरखाली होत असेल तर तांब्याच्या चोकपेक्षा इलेक्ट्रॉनिक चोक बरा. आणि पाणी घालताना बटण बंद. हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

आता कुणी म्हणेल, सुभेदार, ट्यूबचे दिवस गेले. खरं आहे. घरात चालू पट्टी असेल तर वापरा, टोकं काळी पडली की ट्यूब बदला, कारण ती पेटत राहिली तरी उजेड कमी झालेला असतो. पण आज नव्यानं घ्यायचं असेल तर मी स्वतः ट्यूब घेणार नाही. वीस वॅटची पांढरी एलईडी पट्टी दोन हजार ल्युमेनच्या आसपास उजेड देते, वीज कमी खाते आणि थंडीत कुरकुरत नाही. ट्यूबमध्ये पारा असतो, मिलिग्रॅममध्ये असला तरी असतो. बंद खोलीत फुटली तर खिडकी उघडा, माणसं बाहेर काढा, झाडूनं उडवू नका, पुठ्ठ्यानं गोळा करा. आणि जुनी ट्यूब कचराकुंडीत नको, ई-कचऱ्यात द्या. एलईडीतही जांभळ्या दिव्यांचा बाजार जोरात आहे. त्यांच्याबद्दल माझं मत वरच्या गुलाबी ट्यूबसारखंच. ज्या उजेडात मला माझं झाड दिसत नाही, तो माझ्या घरात नको.

आणि दिव्याच्याही आधी ऊन बघा. लडाखमधल्या जुन्या माणसांनी आम्हाला हेच दाखवलं. थंडी कडक, पण ऊन भरपूर. घराच्या दक्षिणेला काचेची खोली काढतात, तिच्यात दुपारी ऊब साठते. डीआरडीओची डिहार ही प्रयोगशाळा लेहमध्ये १९६० च्या दशकापासून आहे आणि तिथल्या लोकांनी हरितगृहात, जमिनीत खणलेल्या चरात हिवाळी भाजी काढून दाखवली आहे. तिथं सूर्य फुकट आहे, डिझेल मात्र ट्रकमधून डोंगर चढून येतं. आम्ही ट्यूब लावली कारण बॅरकची खिडकी लहान होती. तुमच्या घरात दक्षिणेची खिडकी असेल तर दिव्याचा खर्चच करू नका.

मेथी किती निघाली? पंचवीस दिवसांनी दोन ट्रेमधून दोन ओंजळी. तेवढ्यानं कंपनीचं पोट भरत नाही. डाळीवर वरून घातली. पण त्या रात्री लंगरमध्ये वास सुटला तेव्हा पंगतीतल्या प्रत्येकाला आपापलं घर आठवलं असणार. ज्यानं ती उगवली, त्या पोराचं नाव मी तेव्हा कुणापुढे घेतलं नाही. पाहुण्यांना माझी गुलाबी ट्यूब दाखवत राहिलो. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. ज्याला काम येतं त्याचं ऐकायला फीत बघावी लागत नाही, हे मला शिकायला एक रोप लागलं.

हा लेख लिहिण्याआधी पालक्काडला फोन केला. हवालदार आता घरी असतो. म्हटलं, तुझ्या कढीपत्त्याबद्दल लिहितोय, चालेल का? तो हसला. म्हणाला, "लिखिए साब. उस लाइट में तो मैं भी अच्छा दिखता था."

तर दोस्ता, साडेचार हजार खिशात ठेव. दोन साध्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या आण, एक टायमर आण, एक वीत अंतर ठेव आणि मेथीपासून सुरुवात कर. कढीपत्ता उत्तरेच्या बाल्कनीत नको, गावी भावाच्या बांधावर लाव. पहिली मेथी निघाली की फोन कर. जेवायला येतो.

जय हिंद.