वाहनपूजा आणि वाहनाची पोथी

विजयादशमीच्या प्रातःकाळी आमच्या कळंबच्या चिंतामणीच्या दारी नवी वाहने पूजेसाठी येतात. झेंडूच्या माळा, कुंकवाचे स्वस्तिक, चाकांखाली लिंबे, वर श्रीफळ. या श्रद्धेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु एक उणीव मनास सलते : ज्या वाहनाची आपण पूजा करतो, त्याची ओळख मात्र करून घेत नाही.

इतरांस बोल लावण्यापूर्वी आमचीच कथा सांगतो. गतवर्षी दसऱ्याच्या मुहूर्तावर चिरंजीवांनी मोटार आणली. यवतमाळहून कळंबकडे येताना महामार्गावर ती मध्येच टुंग टुंग वाजू लागली. काही बिघडले, अशी सर्वांची खात्री झाली. एका परिचित कारागिराने तर तार तोडून देण्याची तयारी दर्शविली! अखेर नातीने कप्प्यातील माहितीपुस्तिका काढली, तेव्हा उलगडा झाला. वेग ताशी ८० किलोमीटरांवर गेला की ही सूचना अधूनमधून वाजते आणि १२० च्या वर अखंड वाजते. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींस ही सोय सक्तीची आहे. गाडी बिघडली नव्हती. ती आमची कानउघाडणी करीत होती.

त्या रात्री आम्ही ती पुस्तिका पोथीप्रमाणे वाचावयास घेतली. तांबडा दिवा लागला तर सुरक्षित जागी थांबावे, पिवळा लागला तर गाडी लवकर तपासून घ्यावी, हे कळले. जोराने ब्रेक दाबला असता पायाखाली थरथर जाणवते. ते चाके न घसरू देणाऱ्या एबीएस यंत्रणेचे कार्य होय. घाबरून पाय उचलू नये, दाबूनच धरावा. हे ठाऊक नसलेला मनुष्य नेमका संकटसमयी पाय उचलावयाचा!

परंतु खरा चटका पुढे बसला. चालकाशेजारच्या आसनापुढील फळीवर आम्ही स्वहस्ते पितळी गणेशमूर्ती चिकटविली होती. त्याच फळीखाली हवेची पिशवी दडलेली असते. अपघात होताच ती पापणी लवण्याच्या आत उघडते आणि वर ठेवलेली वस्तू समोरच्याच्या तोंडावर भिरकावते. त्या आसनावर आमच्या सूनबाई बसत असत. दुसऱ्याच दिवशी मूर्ती देवघरात नेली. घरात थोडी कुजबुज झाली. पण विघ्नहर्त्याची मूर्ती विघ्नास कारण व्हावी, हे त्या विघ्नहर्त्यास तरी कसे रुचेल?

ही पिशवी आसनपट्ट्याची साहाय्यक आहे, त्याची जागा घेणारी नव्हे. तरीही पट्टा न लावता त्याची घंटा बंद ठेवणाऱ्या खोट्या पकडी लोक विकत घेतात. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-व्यापार कंपन्यांविरुद्ध अशा विक्रीबद्दल आदेश काढले. घंटेचा गळा दाबून जीव वाचत नाही.

कोणी म्हणेल, देवावर भार टाकला की पुस्तिकेचे काय काम? कठोपनिषदात शरीरास रथ म्हटले आहे, मनास लगाम आणि बुद्धीस सारथी. सारथ्यासच रथ ठाऊक नसेल, तर घोड्यांचा काय दोष? भाव आणि ज्ञान यांत वैर आहे, असे आम्ही कीर्तनात कधी सांगितलेले नाही.

दसऱ्यास आपण शस्त्रे पूजतो, तशी पाटीवर सरस्वती काढून ग्रंथही पूजतो. यंदा त्या ग्रंथांशेजारी मोटारीची पुस्तिका ठेवावी. मग गाडी अंगणातच उभी ठेवून, घरातील सर्वांसह, एकेक कळ आणि एकेक दिवा समजून घ्यावा. पुस्तिका इंग्रजीत असेल, तर नातवंडांकडून अर्थ विचारावा. त्यात कमीपणा नाही. आम्ही तेच केले. त्यानंतरच सीमोल्लंघनास निघावे.