ऐब आणि ऐट

सुटे चाक, ज्याला आपण सारे स्टेपनी म्हणतो, त्यावाचून मोटार ही अपुरी वस्तू होय, असे मी या स्तंभात गेल्या पावसाळ्यात लिहिले, तेव्हा ज्या सुज्ञ वाचकांनी मला कालबाह्य ठरवून पत्रे धाडली, त्यांपैकी एखादा जरी गेल्या मंगळवारी सकाळी येवल्याच्या विंचूर चौफुलीवर हजर असता, तर आजचा मजकूर लिहिण्याचे माझे निम्मे श्रम वाचले असते. मुंबईहून पैठणीच्या खरेदीसाठी आलेली, दोन आसनांची, पोट जमिनीला टेकवून चालणारी एक पिवळीजर्द विलायती मोटार खड्ड्यात आदळून, पुढच्या चाकाचा टायर कुशीत फाडून घेऊन तेथे उभी होती. (खड्डा कोणत्या खात्याचा, हे माझे तीनदा लिहून झाले आहे.) पंक्चरवाल्याने "शेठ, स्टेपनी काढा," असे म्हणताच तिच्या तरुण धन्याने "हिला स्टेपनी नसतेच, काका," असे जे उत्तर दिले, त्यात ओशाळेपणाचा लवलेश नव्हता, एखाद्या घराण्यात कांदा वर्ज्य असल्याचे सांगावे, तशी त्यात कुलाभिमानाची छटा होती. मग त्याने पुढच्या कप्प्यातून एक बाटली आणि तळहाताएवढा पंप काढला. बाटलीतला द्रव खिळ्याचे भोक बुजवतो. फाटलेली कूस सांधणे त्याच्या आवाक्यातले नव्हे. पंक्चरवाल्याने ती बाटली उलटसुलट करून पाहिली आणि अदबीने परत केली.

या उणिवेला सरकारी मंजुरीही आहे. टायर ट्यूबविरहित असेल, दुरुस्तीचे साहित्य दिलेले असेल आणि हवा कमी झाल्याची वर्दी देणारे यंत्र बसवलेले असेल, तर सुटे चाक नसले तरी चालेल, अशी दुरुस्ती केंद्राने २०२० साली नियमांत केली. म्हणजे जासूद आहे, कुमक नाही.

गर्दीत उभा असताना मला राहून राहून आठवत होती ती नॅनो. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात ती दाखवली गेली आणि २००९ च्या मार्चमध्ये बाजारात आली, तेव्हा लाख रुपयांच्या त्या गाडीचा कौतुकसोहळा संपताच तिच्या उणिवांचा जो पंचनामा आपण मांडला, तो ज्यांना आठवत असेल त्यांनी तो पुन्हा एकवार मनात वाचावा: काच पुसायला एकच वायपर, डावीकडचा आरसा गायब, साध्या प्रकारात ना वातानुकूलन, ना रेडिओ, सामानाचा कप्पा बाहेरून उघडतच नाही, मागची बैठक पाडून हात घालावा लागतो, आणि सर्वांत मोठा विनोद म्हणजे चाकाला नट तीनच. आमच्याच गल्लीतल्या एका शिक्षकाने ती घेतली, तर लग्नाकार्यात त्याला "तीन नटवाले सर" म्हणत.

आता याच पंचनाम्याचा कागद घेऊन फेरारीच्या एफ-४० कडे चला. कारखान्याच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त १९८७ साली काढलेली, संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत सिद्ध झालेली ती शेवटची मोटार. तिच्यात रेडिओ नाही. पायाखाली गालिचा नाही. दार आतून उघडायला मूठ नाही; दाराच्या पोकळीत एक दोरी आहे, ती ओढायची. सुरुवातीच्या गाड्यांना काच वरखाली करण्याची सोयसुद्धा नव्हती, प्लॅस्टिकची सरकती तावदाने होती. आणि चाकाला नट किती म्हणाल, तर एक. मध्यभागी, एकुलता एक. तो सोडवायला लागणारा पाना येवल्यातच काय, नाशकातही सहजासहजी हाती लागायचा नाही. तरी या एका नटाला कुणी हसत नाही. त्याला शर्यतीच्या मैदानाचा वारसा म्हणतात, आणि त्या दोरीचे फोटो भिंतीवर लावतात. तीन नटांचा तो कंजूष आणि एका नटाचा तो रसिक, हा हिशेब कोणत्या दफ्तरात लिहिला आहे, ते मला कुणीतरी दाखवावे.

वजन घटले की वेग वाढतो, हे शास्त्र मला मान्य आहे. सुमारे अकराशे किलोंची ती मोटार ताशी ३२४ किलोमीटर धावे. पण सहाशे किलोंच्या आसपास चार माणसांची गाडी बसवताना नॅनोच्या पुणेकर अभियंत्यांनी बुद्धी काय कमी खर्च केली? शिवाय आजच्या विलायती गाड्यांना वजनाचा बहाणाही उरलेला नाही. कातडी बैठका आहेत, मोठाले पडदे आहेत; मात्र किल्ली खिशातच ठेवून दार उघडण्याची जी सोय आठ-दहा लाखांच्या देशी गाडीत दिसते, ती कित्येक कोटीच्या गाड्यांत जादा दाम मोजून मागून घ्यावी लागते. आणि नॅनोला, वाचकहो, स्टेपनी होती. इंजिन मागे असल्यामुळे पुढच्या झाकणाखाली तिला हक्काची जागा होती.

घोड्यांचा विषय अजून कसा निघाला नाही, असे वाटणाऱ्यांनी धीर धरल्याबद्दल आभार. आमच्या मंगळवारच्या बाजारात घोड्याचे दात मोजतात, भोवरे पाहतात, देवमण शोधतात आणि ऐब असेल तर किंमत पडते. ऐब म्हणजेच ऐट, असे सांगून भाव चढवणारा सौदागर मी पाहिलेला नाही. बंदोबस्ताचे म्हणाल, तर पुढच्या पायांना अगाडी, मागच्यांना पिछाडी, आणि दोन्हींच्या मेखा जमिनीत. विलायतेत चोरटे दोन पेट्या घेऊन घरातल्या किल्लीचा संदेश दारातल्या मोटारीपर्यंत पोहोचवतात आणि ती निमूटपणे परक्यासोबत चालू लागते. माझा असा पक्का समज आहे, पुरावा मागू नये, की ज्याने एकदा घोड्याला खरारा केला, तो स्टेपनीवाचून घराबाहेर पडत नाही.

मोगलाईत घोड्याला दाग आणि स्वाराचा चेहरा नोंदवीत, ते हजेरीला एकच घोडा दोनदा उभा राहू नये म्हणून. आपण त्याच हेतूने १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना नव्या सुरक्षित नंबरपाट्या लावायचे ठरवले आणि मुदतवाढीमागून मुदतवाढ दिली. जुनाट दुचाकीवाला शेतकरी त्यासाठी रांगेत उभा राहिला. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात ज्या विलायती मोटारीने दोन तरुण जीव घेतले, तिची नोंदणी पुरी झालेली नव्हती. शुल्क भरायचे राहिले होते १,७५८ रुपये.

दुपारी नाशिकहून सपाट पाठीचा ट्रक आला. पिवळी मोटार वर ओढून घेतल्यावर ट्रकवाल्याने रुंद पट्ट्यांनी तिची पुढची चाके दोन्ही बाजूंना आवळली, मग मागची. बाजारातून परतणारा एक घोडेवाला, पांढऱ्या घोडीची मोरखी हातात धरून, हे सारे लक्ष देऊन पाहत होता. "अगाडी झाली, पिछाडी झाली," तो धन्याला म्हणाला, "आता चंदी तेवढी चारा, शेठ."

— वाटसरू