इशारा घोषणेबरोबरच द्यावा : भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राला खुले पत्र

प्रति,
भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्र,
केंद्रीय गृह मंत्रालय, नवी दिल्ली.

विषय : राष्ट्रीय संकटाच्या काळात फोनवरून होणारी फसवणूक



राष्ट्रीय संकटात फोनवरून फसवणारे लोक सहसा नवी गोष्ट रचत बसत नाहीत. सरकारने नुकतीच केलेली घोषणा ते उचलतात. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने लांबवण्याची मुभा जाहीर केली. एप्रिल उजाडला तसे ‘हप्ता पुढे ढकलायचा असेल तर आलेला ओटीपी सांगा’ असे फोन सुरू झाले आणि स्टेट बँकेसह इतर बँकांना ग्राहकांना सावध करावे लागले. २८ मार्चला पीएम केअर्स निधी जाहीर झाला. त्याच्या यूपीआय पत्त्यातल्या ‘केअर्स’मधले शेवटचे ‘एस’ हे अक्षर गाळून केलेला बनावट पत्ता लगोलग फिरू लागला. देणगी देणाऱ्याच्या नजरेला तो फरक दिसण्यासारखा नव्हताच.

पुढच्या वर्षी हेच कोविडच्या लसीच्या बाबतीत घडले. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांसाठी कोविन संकेतस्थळावर नोंदणी सुरू झाली. नोंदणीला मोबाइल क्रमांक, ओळखपत्र आणि ओटीपी लागत असे. ठकांनीही हेच तीन तपशील मागितले. एप्रिल-मेमध्ये रेमडेसिविर आणि ऑक्सिजन सिलिंडर मिळवून देणाऱ्यांचे क्रमांक व्हॉट्सॲपवर गावोगाव पोचले. त्यात खरे मदत करणारेही होते, आणि आगाऊ पैसे घेऊन फोन बंद करणारेही. जानेवारी २०२२ मध्ये बूस्टर डोस सुरू झाला तेव्हा नोंदणीच्या नावाने मागितलेल्या ओटीपीवरून लोकांची व्हॉट्सॲप खाती बळकावल्याचे प्रकार समोर आले.

या फसवणुकीचे बळ कशात आहे, हे नीट पाहायला हवे. ‘लोक भोळे असतात’ हे सोपे उत्तर आहे आणि ते चुकीचे आहे. महामारीच्या त्या दोन वर्षांत खरे सरकारी फोनही अनोळखी क्रमांकांवरूनच येत. रुग्णाच्या संपर्कातल्यांची चौकशी करणारे आरोग्य कर्मचारी, गृहविलगीकरणातल्या माणसाची विचारपूस करणारी नियंत्रण कक्षातली माणसे, आशाताई, तलाठी, शिक्षक असे सगळे बहुधा स्वतःच्या मोबाइलवरून बोलत. नाव, वय, पत्ता, आधार क्रमांक विचारत. न सांगणारा माणूस बेजबाबदार ठरे. म्हणजे अनोळखी आवाजाला माहिती देण्याची सवय संकटाने नव्हे, यंत्रणेनेच लावली. ठकांनी त्या सवयीचा फायदा घेतला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीजवळच्या राजूरसारख्या गावात हे अधिक उघडपणे दिसते. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांच्या आधाराने वाढलेली ही वस्ती. खाणीमुळे परप्रांतांतून आलेली कुटुंबे इथे स्थिरावली. त्यामुळे बाजारात मराठीबरोबर हिंदी आणि तेलुगूही चालते, आणि तालुक्यातल्या कोलाम पोडांवर (वस्त्यांवर) घरची भाषा कोलामी आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचा (वेकोलिचा) कामगार निवृत्त होतो तेव्हा कोळसा खाण भविष्य निधीची (सीएमपीएफची) आयुष्यभराची जमा रक्कम एकदम त्याच्या खात्यात येते. पुढे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ‘दाखला दिला नाही तर पेन्शन बंद’ हे वाक्य खरे असल्यामुळेच ठकाच्या तोंडी ते शोभते. घराबाहेर पडण्याचीच भीती असलेल्या काळात ‘दाखला फोनवरच करून देतो’ म्हणणारा माणूस देवासारखा वाटला, तर त्यात पेन्शनरचा मूर्खपणा शोधण्याचे कारण नाही.

युद्धाच्या सावटात भीतीचा विषय बदलतो, पद्धत तीच राहते. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी देणगी मागणारा एक संदेश बँक खात्याच्या तपशिलासह पसरला. तो दिशाभूल करणारा असून त्यातला खात्याचा तपशील चुकीचा आहे, असा खुलासा संरक्षण मंत्रालयाला करावा लागला. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत ‘एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार’ ही अफवा पत्र सूचना कार्यालयाने खोडून काढली. याहून क्रूर प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’चा. राष्ट्रीय तपास यंत्रणेचा किंवा दहशतवादविरोधी पथकाचा अधिकारी असल्याचे सांगून म्हाताऱ्या माणसांना व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवले गेले. त्यांच्या खात्याचा संबंध अतिरेक्यांशी जोडला गेला. अशी अटक कायद्यात कुठेही नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येच सांगितले होते. पण देशद्रोहाचा ठपका येणार या धास्तीने गारठलेल्या माणसाला सहा महिन्यांपूर्वीचे भाषण आठवत नाही.

लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये ७,४६५ कोटी आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपये गेले. हे पैसे काही मिनिटांत भाड्याने घेतलेल्या एकामागून एक खात्यांतून फिरतात आणि शेवटी काढून घेतले जातात. त्यामुळे ते परत मिळणे हे तक्रार किती लवकर नोंदली जाते यावर अवलंबून असते. त्यासाठी २०२१ मध्ये १५५२६० हा मदत क्रमांक सुरू झाला आणि पुढे तो बदलून १९३० झाला. नवा क्रमांक लक्षात ठेवायला सोपा आहे, हे मान्य. पण एकदा पाठ करायला लावलेला क्रमांक बदलायचा, आणि तोही महामारीच्या सावटात, हे काही शहाणपणाचे नव्हते.

नुकसान कोणाचे, याचा नियमही इथे सांगायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले, की बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसलेल्या, त्रयस्थाने केलेल्या अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजी दिवसांत दिली तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. मात्र ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचेच. एरवी हा नियम ठीक वाटेल. पण शासनच ‘ओटीपी सांगा, लस घ्या’ म्हणत असताना ओटीपी सांगण्याला निष्काळजीपणा म्हणणे न्यायाचे नाही.

सावधगिरीचा प्रचार झाला नाही, असे म्हणता येणार नाही. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली सूचना कित्येक महिने कॉलआधी वारंवार वाजत होती. लोक वैतागले आणि जून २०२५ मध्ये ती बंद झाली. तिच्यातला मूळ दोष वैतागाचा नव्हताच. कॉलर ट्यून फोन करणाऱ्याला ऐकू येते. फसतो तो फोन घेणारा. शिवाय इशारा बहुतेक वेळा पहिल्या काही बळींनंतर निघतो, आणि निघतो तोही फोनवरच, म्हणजे ज्या साधनावर आता विश्वास ठेवू नये असे सांगायचे आहे त्याच साधनावर.

म्हणून आपल्या केंद्राने पुढील गोष्टी घडवून आणाव्यात. संकटकाळात कोणत्याही मंत्रालयाने सवलत, निधी, लस किंवा भरपाई जाहीर केली, तर त्याच पत्रकात, त्याच दिवशी, ‘यासाठी कोणीही फोन करून अमुक मागणार नाही’ हे वाक्य असावे. ते नसेल तर पत्रक निघू नये. दूरसंचार विभागाने २०२४ मध्ये सरकारी आणि वित्तीय संस्थांच्या कॉलसाठी १६० पासून सुरू होणारी क्रमांक मालिका ठरवली आहे. आपत्तीत जिल्हा प्रशासनाचे फोनही तिथूनच यावेत. आशाताईला स्वतःच्या मोबाइलवरून बोलावेच लागत असेल, तर तिने काय विचारायचे नाही हे तिला आणि गावाला आधी सांगितलेले असावे. इशारा ग्रामपंचायतीच्या फलकावर, दवंडीत, बँकेच्या काउंटरवर, खाणीच्या हजेरी कार्यालयात पोचावा. राजूरमध्ये तो मराठीइतकाच हिंदी आणि तेलुगूत हवा, पोडांवर कोलामीत तोंडी.

शेवटची गोष्ट अंतराची. वणी ते यवतमाळ हे जिल्ह्याच्या मुख्यालयापर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. ‘सायबरची तक्रार जिल्ह्याला’ या समजुतीने कोणी दुसऱ्या दिवशीची एसटी धरली, तर तोवर खाते रिकामे झालेले असते. तालुक्याच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, रात्रीही, समोर आलेल्या माणसाची तक्रार आधी १९३० वर नोंदवून द्यावी आणि जबाब नंतर घ्यावा, असे केंद्राने राज्यांच्या पोलीस दलांना लेखी कळवावे, ही विनंती.

राजूर (ता. वणी, जि. यवतमाळ) येथील एक रहिवासी