‘बोलेल हळूहळू!’

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. घर माणसांनी भरलेले, फराळाच्या बश्या फिरताहेत, अंगणात पोरे फुलबाज्या उडवताहेत. आणि आत कोपऱ्यात तीन वर्षांचे एक पोर दोन्ही कान झाकून बसलेले. आत्या हाक मारते. ते पाहत नाही. काका हाक मारतात. ते पाहत नाही. आईचा चेहरा उतरतो. तेवढ्यात घरातले सर्वांत वडील माणूस निकाल देते : ‘बोलेल हळूहळू! याचा बाप तरी कुठे चार वर्षांचा होईपर्यंत बोलत होता?’ सगळ्यांना हायसे वाटते आणि चकल्यांचा डबा पुढे सरकतो.

वाचकहो, मला या निकालाविरुद्ध भांडायचे आहे.

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही. दिवसा शिशुवर्ग सांभाळते, रात्री कादंबऱ्या लिहिते. पण हाच निकाल एकदा मीही दिला आहे. माझ्या वर्गात एक मुलगा होता. गाणी अथपासून इतिपर्यंत पाठ. पण तहान लागली तर बोट दाखवायचा नाही, माझे मनगट धरून माठाशी न्यायचा. त्याच्या आईने एकदा दारात थांबून विचारले, ‘बाई, याचं काही वेगळं आहे का हो?’ आणि मी हसून म्हटले, ‘अहो, मुलगे उशिराच बोलतात. कशाला घोर लावून घेता?’ मग मधातून वेखंड झाले, नवस झाले, आणि दोन वर्षे गेली. शेवटी स्वमग्नतेचे निदान झाले, तेव्हा मी सोबत होते. ‘आधी का नाही आणलंत?’ असे तिथे विचारले गेले. आई खाली मान घालून गप्प राहिली. माझ्याकडे तिने पाहिलेदेखील नाही.

लिओ कॅनर या डॉक्टरने अमेरिकेत १९४३ साली अकरा मुलांमधल्या या अवस्थेचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे विद्वानांनी दोष आईच्या ‘थंड’पणावर ढकलला. बर्नार्ड रिमलंड, जो स्वतः अशा मुलाचा बाप, त्याने १९६४ साली पुस्तक लिहून तो आरोप खोडला. आपल्या स्वयंपाकघरातला खटला मात्र अजून चालूच आहे : ‘तू नोकरीला जातेस ना, म्हणून!’

आणि ही चार-दोन घरांची गोष्ट नव्हे. २०१८ साली आपल्या देशातल्या पाच ठिकाणांची पाहणी प्रसिद्ध झाली; त्यांत उत्तर गोवाही होता. दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे आठांतल्या एका मुलात मेंदूच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण आढळली. कुणाला ऐकू कमी, कुणाला झटके, कुणाची वाचा अडलेली, कुणी स्वमग्न. या हिशेबाने चाळिसांच्या वर्गात पाच!

वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळत नसेल, दीड वर्षाचे बोटाने काही दाखवीत नसेल, दोन वर्षांचे दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा येत असलेले बोलणे कोणत्याही वयात गेले, तर थांबू नये. आधी कान तपासावेत, मग वाढीची तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, पैसा पडत नाही. त्या दिवशी मूल घरी ठेवणारी घरे मला ठाऊक आहेत! म्हणे, शिक्का बसेल. अहो, ‘वेडा’, ‘हट्टी’, ‘आईने बिघडवलेला’ हे शिक्के तुम्हीच मारून ठेवलेत की!

काही मुले उशिरा बोलतात आणि पुढे घडाघडा बोलतात, हे मला मान्य. पण आपले मूल त्यांतलेच, हे आजोबांना बसल्या जागी कसे कळते? तपासून काही निघाले नाही, तर एसटीचे भाडे फुकट गेले. (‘सहा महिन्यांत पोर बरे करून देतो’ म्हणणारे दुकानदारही आहेत, त्यांच्या पायऱ्या चढू नका. ही अवस्था औषधाने जात नाही. पण लहानपणी शिकवले, तर मागण्याची, सांगण्याची वाट सापडते.)

तो मुलगा आता पाणी मागतो, तोंडाने.

परवा वर्गातली दुसरी एक आई दारात थांबली. तोच प्रश्न. मी हसले नाही. जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी लिहून दिली. तेव्हापासून तिच्या सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. यंदा त्यांच्याकडून फराळाचे ताट येईल, अशी आशा मी ठेवलेली नाही.