जिना चढतांना लागणारा दम

आमच्या घरांत गेल्या कांहीं महिन्यांपासून एक अलिखित कायदा लागू झाला आहे. आम्हीं जिना चढावयाचा नाहीं. चष्मा वर राहिला तर नातू धांवतो, पूजेचीं फुलें सूनबाई आणून देतात, पाण्याचा तांब्या मागण्यापूर्वींच हातीं येतो. यामागें प्रेमच आहे, हें आम्ही जाणतों. कारण एवढेंच घडलें कीं, ज्वरानें तीन आठवडे अंथरूण धरल्यावर प्रथमच जिना चढूं लागलों, तों सातव्या पायरीवर दम लागला, पोटऱ्या भरून आल्या आणि कठड्यास धरून उभें राहावें लागलें. "मामंजींचीं फुप्फुसें अशक्त झालीं," असा निकाल घरांत लागला. डॉक्टरांनीं फुप्फुसें तपासून निर्दोष ठरविलीं, हृदयहि ठीक असल्याचें सांगितलें. तरी निकाल फिरला नाहीं.

या प्रसंगानें आम्हांस एका जुन्या प्रश्नाकडे पुन्हा वळविलें. श्वास छातींत जातो; श्रम तर पोटऱ्या करतात. मग छातींत आलेला प्राणवायु पोटरीच्या स्नायूंत शिरतो कसा? शाळेंत आम्ही वर्षानुवर्षें "रक्त तो वाहून नेतें" एवढें सांगून पुढच्या धड्याकडे वळत असूं. उत्तर खोटें नव्हतें. परंतु गाडी स्टेशनांत आली म्हणजे पाहुणा घरीं पोंचला असें होत नाहीं. स्टेशनापासून घरापर्यंतची वाट राहतेच.

ती वाट पुष्कळ काळ कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती. इंग्लंडांत विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं ग्रंथ लिहून रक्त हृदयापासून निघून हृदयाकडेच परत येतें असें दाखविलें. पण रोहिण्यांतलें रक्त नीलांत कोणत्या मार्गानें जातें, हें त्यास दिसलें नाहीं. तो १६५७ सालीं वारला, आणि नंतर चारच वर्षांनीं इटलींतील मालपीघी यानें बेडकाच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शक यंत्रानें तो मार्ग पाहिला. त्याच केशवाहिन्या. आमच्या एका शास्त्रीबोवा मित्रांस हें रुचत नाहीं. सुश्रुतांत सर्व कांहीं आहे, असें ते म्हणतात. सुश्रुतांत शिरा आहेत, धमन्या आहेत, आणि जें आहे त्याविषयीं आमचा आदर कोणाहून कमी नाहीं. पण भिंगावांचून जें दिसणेंच शक्य नाहीं, तें प्राचीनांच्या पदरीं बांधल्यानें त्यांचा मान वाढतो असें आम्हांस वाटत नाहीं.

"केशवाहिनी" हें नांव देखील तिला मोठेंच पडतें. डोक्याचा केंस तिच्याहून सुमारें दहापट जाड असतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांपैकीं पांच ते दहा भाग एवढाच तिचा व्यास; आणि रक्तांतील तांबडी पेशी सात-आठ भागांची. गाभाऱ्याच्या अरुंद दारांशीं दर्शनाची रांग जशी एकेरी होते, तशा या पेशी एकामागून एक, अंग चोरून पुढें सरकतात. ही अडचण नव्हे, सोय आहे. वाहिनीची भिंत एकाच पेशीच्या जाडीची, रक्तपेशी तिला खेटून चाललेली. तेव्हां पलीकडच्या स्नायूपर्यंत अंतर उरतें तें अगदीं थोडें. तेवढें शेवटचें अंतर प्राणवायूस कोणी ढकलून नेत नाहीं. जेथें तो अधिक आहे तेथून, जेथें कमी आहे तिकडे, तो आपोआप पसरतो. देवघरांतल्या उदबत्तीचा वास माजघरांत यावा तसा. मात्र या पसरण्याचा पल्ला फार आखूड असतो. म्हणूनच प्रत्येक स्नायुतंतूच्या अगदीं शेजारून केशवाहिनी जावी लागते.

डेन्मार्कमध्यें कोपनहेगन येथें ऑगस्ट क्रोग यांनीं या पल्ल्याचा हिशेब केला. त्यांतलें गणित अर्लांग नांवाच्या गणितज्ञानें सोडविलें. हे गृहस्थ टेलिफोन कंपनींत नोकरीस होते, ही मौज ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हिशेब करतां करतां क्रोग यांच्या मनांत आलें कीं, स्वस्थ बसलेल्या स्नायूस प्राणवायु इतका थोडा पुरतो, तर सर्व वाटा अहोरात्र उघड्या ठेवण्याचें प्रयोजन काय? त्यांनीं बेडूक, गिनीपिग इत्यादि प्राण्यांच्या रक्तांत काळी शाई सोडली, स्नायूंचे पातळ काप केले आणि शाईनें भरलेल्या केशवाहिन्या मोजल्या. गिनीपिगच्या स्वस्थ स्नायूंत चौरस मिलिमीटरास ३०० देखील भरल्या नाहींत. काम केलेल्या स्नायूंत २५०० च्या सुमारास भरल्या. या शोधाबद्दल १९२० सालचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें.

बागाइतदाराच्या घरचे लोक हें चित्र चटकन् ओळखतील. पाटास पाणी आहे, वाफ्यांचीं तोंडें मातीनें बुजविलेलीं आहेत. गरज पडेल तसा माळी खोऱ्यानें माती ओढतो आणि पाणी आंत शिरतें. पुढें मात्र जिवंत स्नायूंतलें रक्त वाहत असतांनाच पाहण्याचीं साधनें सुधारलीं, आणि असें दिसून आलें कीं, विश्रांतींतहि बहुतेक वाफ्यांत पाणी झिरपत असतेंच. श्रमाच्या वेळीं वाढतो तो मुख्यतः प्रवाह: प्रत्येक केशवाहिनींतून अधिक रक्तपेशी अधिक वेगानें जातात. नोबेल पारितोषिक मिळालेली कल्पनाहि पुढच्या पिढीच्या तपासणींतून सुटत नाहीं, हें आम्हांस त्या कल्पनेइतकेंच आवडतें.

मग पाट सोडणारा माळी कोण? तो दूर कोठें नाहीं, त्या त्या स्नायूंतच आहे. केशवाहिन्यांच्या आधींच्या बारीक रोहिण्यांस स्वतःचे स्नायूंचे वेढे असतात. पोटरी कामास लागली कीं तींतून कर्बाम्ल वायु, अम्लें आणि उष्णता बाहेर पडतात. त्यांच्या व अशाच इतर द्रव्यांच्या संसर्गानें ते वेढे सैल होतात व रक्त पुढें सुटतें. म्हणजे श्रमाचा कचरा हाच मागणीचा निरोप. इतकेंच नव्हे, तर त्याच कर्बाम्ल वायूनें, अम्लानें व उष्णतेनें तांबड्या पेशींची प्राणवायूवरील मूठहि ढिली पडते. कर्बाम्ल वायूचा हा गुण क्रोग यांचे गुरु क्रिस्तियन बोर यांनीं, शिष्यास सोबत घेऊन, १९०४ सालींच प्रसिद्ध केला होता.

आंकडे पाहावे. स्वस्थ बसलेल्या मनुष्याचें हृदय मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त सोडतें, त्यांतला साधारण पांचवा हिस्सा सर्व स्नायूंस मिळतो. जोराच्या श्रमांत तरुण माणसाचें हृदय २० लिटर वा अधिक रक्त सोडतें, आणि त्यांतले चार हिस्से स्नायूच घेतात. शिवाय विश्रांतींत रक्तांतल्या प्राणवायूपैकीं सुमारें चौथाईच खर्च होते. कष्ट करणारा स्नायु तीन चतुर्थांश किंवा त्याहूनहि अधिक काढून घेतो.

एक अपवाद घरोघर पडताळून पाहतां येईल. भरलेली बादली हातांत धरून नुसतें उभे राहा; हात लौकरच भरून येतो. सतत आवळलेला स्नायु आपल्याच रक्तवाहिन्या चेपून टाकतो, आणि पाट असून वाफा कोरडा पडतो. चालण्यांत पोटरी आवळते, सुटते, पुन्हा आवळते. सुटतांना नवें रक्त येतें, आवळतांना जुनें रक्त वर हृदयाकडे ढकललें जातें.

आतां आमच्या सातव्या पायरीकडे येऊं. १९६६ सालीं अमेरिकेंतील डॅलस येथें वीस वर्षांच्या पांच निरोगी तरुणांस तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावलें. एवढ्यानेंच त्यांची प्राणवायु वापरण्याची कमाल शक्ति चौथाईहून अधिक घटली. त्या घटींत मोठा वाटा हृदयाचा होता, हें सांगितलें पाहिजे; दोष सगळा पोटऱ्यांच्या माथीं मारतां येत नाहीं. तीस वर्षांनीं त्याच पांच जणांस पुन्हा तपासलें, तेव्हां आढळलें कीं, तीस वर्षांच्या वयोमानानें जेवढी शक्ति गेली, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या निजण्यानें गेली होती! मग त्यांजकडून सहा महिने हळूहळू वाढता व्यायाम करविला, आणि वयानें नेलेली शक्ति परत आली. ती आली मुख्यतः हृदयाचा जोर वाढून नव्हे, तर स्नायु रक्तांतून प्राणवायु अधिक काढून घेऊं लागले म्हणून. स्नायूंत वाटाच नव्या फुटतात, हें कोपनहेगन येथील १९७७ सालच्या एका प्रयोगांतहि दिसलें होतें: आठ आठवडे सायकल चालविणाऱ्यांच्या मांडीच्या स्नायूंत केशवाहिन्यांची दाटी सुमारें एक पंचमांशानें वाढली.

म्हणजे ज्या जिन्यानें दम लागतो म्हणून आम्हांस बसवून ठेविलें, तो दम बसून राहण्यानेंच पक्का होत होता. ज्यांच्या छातींत कळ येते, अथवा ठराविक अंतर चाललें कीं पोटरी दुखते व थांबतांच दुखणें राहतें, त्यांनीं मात्र प्रथम डॉक्टरांस दाखवावें. दुसऱ्या प्रकारांत बहुधा पायाची मोठी वाहिनीच अरुंद झालेली असते. तेथेंहि डॉक्टर पुष्कळदां देखरेखीखालीं चालावयासच सांगतात. आणि वाग्भटानें तर बलवानांसहि व्यायामांत अर्ध्याच शक्तीची मर्यादा घातली आहे, तेव्हां आम्हीं जिना एका दमांत चढण्याचा हट्ट कां धरावा?

हा मजकूर आम्हीं घरांत वाचून दाखविला. सूनबाईंनीं डॉक्टरांस विचारून घेतलें आणि कायद्यांत दुरुस्ती झाली: सकाळीं एकदां व सायंकाळीं एकदां जिना चढण्यास मुभा, मात्र नातू दोन पायऱ्या मागें राहील. सध्यां आम्ही अकराव्या पायरीवर थांबतों. एकंदर पायऱ्या अठरा आहेत.